नॉर्दर्न लाइट्स, व्हाया वाणगाव!

नॉर्दर्न लाइट्स बघायला कुठे जाल? नॉर्वेतलं ट्रोम्सो, फिनलंडचं रोव्हानिएमी, नाहीतर आइसलँड… बरोबर! म्हणजे शेंगेन व्हिसा, थर्मल्सची खरेदी, आणि परत आल्यावर वर्षभर क्रेडिट कार्डाचे हप्ते. आमच्या ऑफिसात निम्म्या डेस्कटॉपवर तो हिरवा पडदा झळकत असतो आणि उरलेल्या निम्म्यांची नजर पुढच्या बोनसवर असते. मी मात्र तुम्हाला वाणगावचं तिकीट काढायला सांगणार आहे. चर्चगेट-डहाणू लोकल, सेकंड क्लास!

थांबा, पान उलटू नका. चिंचणीच्या किनाऱ्यावर मला हिरवे पडदे दिसले, असा काही माझा दावा नाही. दिसल्या त्या उल्का, आणि त्याही पोटभर. पण ज्या काळोखात आम्ही कॅमेरे लावून बसलो होतो, त्या काळोखाचं आणि नॉर्दर्न लाइट्सचं आपल्या इथे एक जुनं नातं आहे. ते मला चिंचणीत बसल्यावर नीट कळलं. एकदम सॉलिड स्टोरी आहे. सांगतो.

तर तारीख १४ डिसेंबर २०२३, गुरुवार. दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. इंग्रजीत जेमिनिड्स म्हणतात. पाश्चात्त्यांच्या मासिकांत सगळा भाव खातो तो ऑगस्टमधला पर्सिड्स. पण ऑगस्टमध्ये आपल्याकडे आकाश दिसतं कुठे? मुंबईकराने ऑगस्टमध्ये वर बघितलं, तर दिसते छत्रीची काडी! जेमिनिड्सचं टायमिंग मात्र खास आपल्यासाठी केल्यासारखं आहे. पाऊस गेलेला, हवा कोरडी, आणि थंडी म्हणजे जॅकेट मिरवण्यापुरती. त्यातून २०२३ साल म्हणजे लॉटरीच. १२ तारखेची अमावास्या नुकतीच उलटलेली, म्हणजे चंद्राची कटकट नाही. आणि वर्षावाचा सर्वोच्च क्षण भारतीय वेळेनुसार १४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर लगेचच. असा योग सोडायचा नसतो. बॉसला सांगितलं, गुरुवारी हाफ डे, शुक्रवारी वर्क फ्रॉम होम. होम कुठलं, ते त्याने विचारलं नाही.

सोबत माझा रूममेट. तो आयटी सपोर्टमध्ये नाइट शिफ्ट करतो, म्हणजे रात्रभर जागण्याचाच पगार घेतो. यापेक्षा चांगला पार्टनर कुठे मिळणार?

चिंचणीच का? मुंबईच्या आसपास तारे बघण्याच्या जागा म्हटलं की जुन्याजाणत्यांना आठवते वांगणी. खगोल मंडळाच्या ओव्हरनाइट कार्यक्रमांनी कित्येकांना तिथे पहिल्यांदा आकाशगंगा दाखवली. पण गेल्या वीसेक वर्षांत कर्जत लाइनवर टॉवर कसे उगवले, ते तुम्हीच बघताय. मला हवा होता समुद्र. समुद्रकिनाऱ्याचा फायदा साधा आहे. एका बाजूचं अर्धं आकाश फुकटात काळं मिळतं, कारण समुद्रावर स्ट्रीटलाइट नसतात! मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर उत्तरेला, डहाणू तालुक्यात, सुरूच्या बनाआड लांबच लांब सपाट पुळण असलेलं हे गाव त्यासाठी फिट्ट बसतं.

अर्थात हा काळोख काही कोरा नाही. दक्षिणेला तारापूर. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथे १९६९ साली सुरू झालं, आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीचा नारिंगी उजेड त्या बाजूच्या क्षितिजावर कायम चिकटलेला असतो. ईशान्येला डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची उंच चिमणी लाल डोळे मिचकावत असते. गंमत बघा, मुंबईला उजळवणारी वीज या पट्ट्यातून जाते, आणि मुंबईकर काळोख शोधायला इथे येतो! पश्चिम मात्र अस्सल काळी. आणि थेट उत्तरेकडे, वरोर-वाढवणच्या दिशेला, त्या रात्री तरी काळोखाची एक रुंद खिडकी उघडी होती. ती खिडकी लक्षात ठेवा.

दुपारची लोकल, वाणगाव स्टेशन, मग शेअर रिक्षा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या आणि मिरचीच्या वाड्या. सूर्य बुडता बुडता आम्ही मुक्कामी पोचलो. मुक्काम म्हणजे गावातल्या एका काका-मावशींच्या घराच्या मागच्या दोन खोल्या. समुद्राचं गाव म्हणून मी डोक्यात बोंबील फ्रायचा पक्का प्लॅन करून आलो होतो. मावशींनी दारातच तो मोडीत काढला.

‘‘आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे रे बाबांनो. घट बसवलाय. आज मासळीचं नावसुद्धा काढायचं नाही!’’

मिळालं काय, तर वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि खीर. मी दोन वाट्या खीर खाल्ली. तक्रार शून्य.

काका निघाले डायमेकर. चिंचणी, वरोर, वाढवण या पट्ट्यात हा धंदा घरोघरी चालतो. पोलादाच्या छोट्याशा ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरायची. मग त्या साच्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठोकला, की नक्षी उमटते. आपल्या आयांच्या कानातली कितीतरी फुलं अशी या बाजूच्या घरांमधून उमललेली असणार! काका दिवसभर दिव्याखाली, डोळ्याला भिंग लावून बसलेले. त्यांनी माझ्या कॅमेऱ्यात रस घेतला आणि किनाऱ्यावर सोबत आले.

आता जरा टेक्निकल. रात्री ऑटोफोकस चालत नाही. लेन्स मॅन्युअलवर टाकायची, एखादा ठळक तारा स्क्रीनवर दहापट मोठा करायचा, आणि तो अगदी टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग केसाकेसाने फिरवायची. त्या रात्री गुरू ग्रह ऐन डोक्यावर होता. गुरुवारी गुरू, झक्कास! मी त्याच्यावरून फोकस केला, मग शेजारचा एक फिका तारा निवडला. काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, ‘‘अजून कडा फुटतेय. डावीकडे घ्या… अजून… बास.’’ चाळीस वर्षं सुईच्या टोकाएवढी नक्षी कोरणाऱ्या माणसाचा डोळा तो. रात्रभर फोकसला हात लावायची गरज पडली नाही.

बाकी फंडा सोपा आहे. वाइड लेन्स, १४ ते २४ एमएमची. अॅपर्चर जेवढं उघडेल तेवढं, माझं २.८. आयएसओ ३२००. एक्स्पोजर २० सेकंद, त्याहून जास्त ठेवलं की पृथ्वीच्या फिरण्याने ताऱ्यांच्या रेघा व्हायला लागतात. आणि एक टायमर, जो तुमच्या वतीने एकामागून एक फोटो काढत राहतो. उल्का दिसल्यावर बटण दाबायचं, असला प्रकार नाही. ती एक सेकंदसुद्धा थांबत नाही. तुम्ही फक्त आकाशाचा एक तुकडा पकडून ठेवायचा आणि ती तिथून जाईल अशी आशा करायची. लोकलच्या दारात पोझिशन घेऊन बोरिवलीची वाट बघण्यासारखंच!

जेमिनिड्स फोटोवाल्यांचे लाडके, त्याला कारण आहे. नोव्हेंबरातल्या लिओनिड्स सेकंदाला ७१ किलोमीटर वेगाने येतात, या निम्म्याच, ३५ किलोमीटरने. हळू चालतात म्हणून कॅमेऱ्याच्या सेन्सरवर त्यांची रेघ ठळक उमटते. आणि यांचा उगमही और. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे सोडलेल्या धुळीचे. जेमिनिड्सचा बाप मात्र फेथॉन नावाचा सुमारे पाच किलोमीटरचा खडक आहे, लघुग्रह म्हणून नोंदलेला. तो सापडला १९८३ साली, एका उपग्रहाच्या नजरेतून. त्याच्या वाटेवर सांडलेले वाळूच्या दाण्याएवढे कण आपल्या वातावरणात शिरतात आणि शंभरेक किलोमीटर उंचीवर जळून जातात. ‘तारा तुटला’ म्हणून आपण डोळे मिटून प्रमोशन मागतो, ते या वाळूच्या दाण्याकडे.

माझा कॅमेरा पश्चिमेला, समुद्रावर. रूममेटचा उत्तरेला, ध्रुव ताऱ्यावर. चिंचणीत ध्रुव क्षितिजापासून वीस अंश वर असतो. हात लांब करून वीत उघडली, की बरोबर तेवढं अंतर. त्या एका वितेखाली होती ती काळी खिडकी.

पण तिपाई कुठे रोवायची? संध्याकाळी समुद्र इतका मागे गेलेला, की ओल्या सपाट वाळूत तारे पडलेले दिसत होते. फ्रेम म्हणून स्वर्ग! काकांनी विचारलं, ‘‘आज तिथी कोणती?’’ मी मोबाइल काढेपर्यंत त्यांनीच उत्तर दिलं. ‘‘द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दीड वाजता पुरी भरती. अमावास्येला लागून आहे, उधाण असणार. तुमचं हे सामान त्या सुरूंपाशी न्या.’’ तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा कोकणातल्या समुद्राकाठचा जुना हिशेब. भरतीचं कोष्टक नेटवर शोधायचा मी नादच सोडला. आम्ही ओल्या वाळूत दोन तास फोटो काढले आणि साडेदहाच्या आत वर सरकलो.

आणखी एक गोष्ट आम्ही आधीच केली होती, ती तुम्हीही करा. पोलीस ठाण्यात सांगून ठेवणं. अणुवीज केंद्र जवळ, किनारा सागरी सुरक्षेच्या नजरेखालचा, आणि त्यात रात्री दोन अनोळखी पोरं तिपाया रोवून बसलेली! साडेअकराच्या सुमारास दोन पोलीस मोटरसायकलवरून आलेच. कॅमेऱ्याचं तोंड समुद्राकडे आहे ना, हे बघितलं, नावं विचारली. ‘‘नक्की काय दिसतं पण?’’ त्यातल्या धाकट्याने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत समुद्रावर एक हिरवट पांढरा गोळा पेटला. चांगला दोन सेकंद चालला. खाली ओल्या वाळूत त्याचा उजेड पडला. चौघांच्याही तोंडून एकच शब्द निघाला, तो इथे छापता येणार नाही. मग ते दोघं गाडी बंद करून वीस मिनिटं आमच्याबरोबर वाळूत बसले. धाकटा मोजत होता. मोठ्याने आधी, ‘‘ड्यूटीवर आहोत रे,’’ म्हटलं आणि नंतर तोही मोजायला लागला.

आता ती नॉर्दर्न लाइट्सची गोष्ट.

४ फेब्रुवारी १८७२, रविवार. सूर्यावर प्रचंड स्फोट झालेला, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघालेलं. त्या संध्याकाळी सूर्यास्तानंतर चक्क मुंबईतून ध्रुवीय प्रकाश अंधूकसा दिसला! दोन दिवसांनी टाइम्स ऑफ इंडियात ती बातमी आली. मुंबई-एडन समुद्राखालच्या तारेचं काम काही तास बिघडलं होतं. त्यातही कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसुया वादळाची नोंद करतच होत्या. याच वेधशाळेने १८५९ सालच्या त्या जगप्रसिद्ध सौरवादळाचीही नोंद पकडली होती, जी आजही शास्त्रज्ञ अभ्यासतात. जपानच्या नागोया विद्यापीठातले हिसाशी हायाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७२ च्या वादळाचा नव्याने माग काढला, त्यात कुलाब्याच्या या नोंदी कामी आल्या. त्यांचा शोधनिबंध आमच्या ट्रिपच्या जेमतेम दोन आठवडे आधी प्रसिद्ध झाला होता. मी तो लोकलमध्ये वाचत आलो होतो, विरारपासून पालघरपर्यंत.

आपल्याला इथून दिसला, तर तो प्रकाश हिरवा नाही, लाल दिसणार. हिरवा थर शंभरेक किलोमीटरवर, आपल्या क्षितिजाच्या खूप खाली राहतो. लाल रंग दोन-तीनशे किलोमीटर आणि त्याहून वरच्या विरळ ऑक्सिजनचा. तो दुरून डोकावतो. तोही उत्तरेच्या क्षितिजाला चिकटून, पहाटेच्या लालीसारखा, पण भलत्या वेळी आणि भलत्या दिशेला.

आता मला सांगा, १८७२ च्या मुंबईत दिवे कुठले होते? रस्त्यांवर गॅसबत्त्या येऊन सातेक वर्षं झालेली. बाकी समया, कंदील. म्हणून क्षितिजावरची अंधूक लाली लोकांच्या डोळ्यांत भरली. आज तेवढंच वादळ आलं, तर मलबार हिलवरून कोणाला काही दिसेल? मीरा-भाईंदरच्या उजेडावर लाली चढली तरी कळायची नाही. कुलाब्याच्या वेधशाळेचं पुढे काय झालं, तेही ऐका. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या करंटने सुया हलणार, म्हणून चुंबकीय निरीक्षणं १९०४ साली अलिबागला हलवली. शहराच्या विजेपुढे हार मानून आकाशाच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी गाव बदलण्याची ही आपल्याकडची जुनी केस म्हणायची! आम्ही तर नुसते शनिवार-रविवारचे पळपुटे.

म्हणून ती उत्तरेची खिडकी. मुंबईहून निघून उत्तरेकडे बघायला काळं क्षितिज शिल्लक असलेल्या किनाऱ्यांपैकी हा एक. १८७२ सारखी रात्र आपल्या हयातीत पुन्हा आली, तर बघायला मी इथे येणार, हे मी त्या रात्री रूममेटला सांगून टाकलं. तो म्हणाला, ‘‘कॅलेंडर इनव्हाइट पाठव.’’

एकच्या सुमारास खाडीच्या बाजूने माणसांचे आवाज यायला लागले. पाणी चढलं की होड्या बाहेर काढतात. थंडीत मफलर गुंडाळलेले एक तांडेल विडी ओढायला आमच्यापाशी थांबले. मी कौतुकाने कॅमेऱ्यातली एक उल्का दाखवली. त्यांनी बघितली, मान डोलावली.

‘‘चांगली आलीय. आम्हाला आत गेल्यावर याहून जास्त दिसतात. मोजत कोण बसतो?’’

मी उत्तरेकडे बोट दाखवून म्हटलं, तिकडे वाढवणला बंदर आलं तर हा काळोख जाईल, नाही का? त्याच वर्षी जुलै महिन्यात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने बंदराला परवानगी दिली होती. याच प्राधिकरणाने १९९८ साली त्याला नकार दिलेला. म्हणजे पंचवीस वर्षं या किनाऱ्याच्या डोक्यावर ही गोष्ट लटकते आहे. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला, त्यामुळे भांडण कोर्टापर्यंत गेलेलं.

तांडेलांनी विडी वाळूत विझवली. ‘‘तुम्हाला उजेड येईल याची काळजी. आम्हाला मासळी जाईल याची. तिथल्या खडपात शेवंड मिळते, पुढे आमच्या डोली लागतात. बंदर म्हणजे ती जागा बंद.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘माझा पुतण्या म्हणतो, बंदर झालं तर क्रेन चालवायला शिकेन. त्याला काय सांगू? रात्री दोनला थंड पाण्यात उतर म्हणून सांगू?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते मागितलंही नव्हतं. होडीतून हाक आली, ते गेले. थोड्या वेळाने इंजिनाची घरघर काळोखात लांब लांब जात राहिली. दीड वाजता पाणी खरोखरच सुरूंच्या मुळांपासून पंधरा पावलांवर येऊन थांबलं.

पहाटेपर्यंतचं सांगण्यासारखं म्हणजे दव. समुद्रकाठी तीननंतर लेन्सवर असं दव धरतं, की पुसून पुसून हात दुखतात. उपाय: चहाचा थर्मास लेन्सच्या खाली टेकवून ठेवायचा. चहाही गरम, लेन्सही कोरडी. मिथुनेतले कॅस्टर आणि पोलक्स अडीच-पावणेतीनला डोक्यावर आले, तेव्हा उल्का चारी बाजूंना सांडत होत्या. नऊपासून चारपर्यंत रूममेटने मोजल्या २४१. अर्थातच एक्सेल शीटमध्ये, तासावारी! पुस्तकात तासाला दीडशेचा आकडा वाचाल, तो आदर्श आकाशाचा आणि उगमबिंदू थेट डोक्यावर असतानाचा. चाळीस-पन्नास दिसल्या तरी पैसे वसूल समजा.

माझ्या कॅमेऱ्याने त्यातल्या पकडल्या २६. फ्रेम्स १,१४०. बाकीच्या फ्रेम्समध्ये विमानं, उपग्रहांच्या सरळसोट रेघा, आणि एकात पोलीसदादांची बॅटरी.

शुक्रवारी सकाळी चिकूच्या वाडीत लॅपटॉप उघडून स्टेटस कॉल केला. मागे कोंबडा ओरडत होता, तर कोणीतरी विचारलं, रिंगटोन बदलला का? दुपारी मावशींनी आदल्या दिवसाची भरपाई केली. बोंबील, कुरकुरीत, ताटभर. आणि जेवता जेवता मोबाइलवर बातमी दिसली: सूर्यावर मोठी ज्वाळा, एक्स २.८ प्रतीची, २०१७ नंतरची तोवरची सर्वांत जोरदार! वेळ बघितली. भारतीय वेळेनुसार गुरुवारी रात्री १० वाजून ३२ मिनिटं. म्हणजे आम्ही तिपाया उचलून सुरूंकडे सरकलो, त्याच सुमारास आपल्या पायांखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला तो प्रकार चालू होता. अमेरिकेच्या बाजूला रेडिओ संदेश काही काळ विस्कळीत झाले. आम्हाला पत्ताही नाही. रूममेटने त्याच्या उत्तरेच्या कॅमेऱ्यातली त्या वेळची फ्रेम काढली. ध्रुव, खाली काळी पट्टी, कोपऱ्यात चिमणीचा लाल ठिपका. बस्स. असणारच. ज्वाळेतून निघालेला लोट पृथ्वीवर यायला दिवस-दोन दिवस लागतात, आणि तो बरोबर आपल्याकडेच फेकला जावा लागतो. या वेळी तसं काही मोठं घडलं नाही.

पाच महिन्यांनी घडलं. १० मे २०२४ च्या रात्री वीस वर्षांतलं सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ आलं आणि लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेतून उत्तरेकडचं क्षितिज लाल झालेलं टिपलं गेलं. महाराष्ट्रात नाही. १८७२ चं वादळ याच्या साधारण दुप्पट ताकदीचं होतं, असा अंदाज आहे. म्हणजे आपलं तिकीट अजून वेटिंगवरच.

आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प, प्रत्येकी एक किलोमीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल्स, समुद्रात भराव टाकून. रात्रंदिवस चालणारं बंदर म्हणजे उंच खांबांवरचे झगझगीत दिवे, आणि तेही चिंचणीहून बघितलं तर नेमके ध्रुवाच्या खालच्या त्या एका वितेत.

दिवे लावूच नका, असं मी म्हणत नाही. रात्री क्रेनवर उभ्या असलेल्या माणसाला उजेड लागणारच. पण उजेड खाली पाडायचा की आभाळात उधळायचा, हे ठरवता येतं. आपल्याच राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाने हे करून दाखवलंय. सिल्लारी, वाघोलीसारख्या गावांतले शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले, आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंच देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ झालं. वाघांसाठी जमतं, तर बोंबलांसाठी का नाही? मासेही उजेडाला बिचकतात किंवा भुलतात, हे तांडेलांना कुठल्या शोधनिबंधाशिवाय माहीत आहे.

जाता जाता, चिंचणीत १९५५ साली राष्ट्रकूटांच्या काळचे ताम्रपट सापडले होते. त्यातला एक इसवी सन ९२६ चा. तेव्हा इथल्या संजाण प्रांतावर राष्ट्रकूटांतर्फे मधुमती, म्हणजे मोहम्मद नावाचा एक अरब अधिकारी कारभार बघत होता, आणि त्याच्या राज्यात देवीच्या मठाला दिलेल्या दानाची ती नोंद! अशा दानपत्रांत मुदत लिहिण्याची एक ठरलेली पद्धत असते: आचंद्रार्क. चंद्र-सूर्य आहेत तोवर. ताऱ्यांचा उल्लेख का नाही, असा प्रश्न काकांना विचारला, तर म्हणाले, ‘‘तेव्हा तारे जातील असं कोणाला वाटलं असेल?’’

जायचं कसं? चर्चगेट, दादर किंवा विरारहून डहाणू लोकल पकडा, डहाणू रोडच्या आधीचं स्टेशन वाणगाव, पुढे रिक्षा. गाडीने गेलात तर ती पुळणीवर घालू नका, उधाणाला दया नसते. जेमिनिड्स दरवर्षी १३-१४ डिसेंबरला असतात, फक्त चंद्र कधी मावळतो ते आधी बघा. मार्गशीर्षातला गुरुवार आला तर मासळीची आशा सोडा, खीर मिळेल. पोलिसांना कळवा, अणुवीज केंद्राकडे कॅमेरा वळवू नका, मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा. आणि दोन कॅमेरे असतील तर एक उत्तरेकडे ठेवा. तारीख आणि वेळ फाइलमध्ये आपोआप नोंदली जातेच.